मार्फान, एको आणि माझी झोप

‘जास्त विचार करू नकोस,’ असं मला सांगणाऱ्यांपैकी एकाचीही महाधमनी दर वर्षी मोजली जात नाही. माझी मोजली जाते. मला मार्फान सिंड्रोम आहे. फायब्रिलिन नावाचं प्रथिन नीट बनत नाही, त्यामुळे उंची ताडमाड, बोटं लांबच लांब, आणि हृदयातून निघणारी महाधमनी मुळाशी हळूहळू रुंदावते. साधारण ५००० जणांत एकाला हा आजार असतो. ‘मुलगी फारच उंच’ हे लग्नाच्या वेळी ऐकून झालं होतं. आजाराचं नाव कळलं ते तिशीत, डोळ्यातलं भिंग जागचं सरकलं तेव्हा.

महाधमनीचं मूळ ४३ मिलिमीटर भरलं. ५० च्या आसपास गेलं की ऑपरेशन. झालं, एकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तारीख जवळ आली की झोप उडायची. रात्री पाठीत चमक आली की वाटायचं, महाधमनी फाटली! मिसळ खाऊन जळजळलं तरी माझी बोटं नाडीवर आणि नवरा गाडीची किल्ली घेऊन दारात. इमर्जन्सीत ईसीजी नॉर्मल, ‘अ‍ॅसिडिटी आहे, टेन्शन घेऊ नका.’ पण ईसीजी नॉर्मल आला म्हणून महाधमनी शाबूत आहे असं होत नाही, हे मला माहीत होतं. घरी आले तरी जीव थाऱ्यावर नसायचा.

एका समुपदेशकांनी डोळे मिटून समुद्र बघायला सांगितलं. समुद्र छान होता. पण ‘भीती फक्त मनात आहे’ हे त्यांचं पालुपद मला पटेना. माझे वडील ४१ व्या वर्षी ‘हार्ट अटॅक’ने गेले, आणि तो अटॅक नसावा असं आता डॉक्टरही म्हणतात.

शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे धाडलं. मॅडमनी आधी त्यांना फोन लावला, ईसीजी मागवला (चिंतेवरच्या काही गोळ्यांचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो म्हणून) आणि मगच गोळी लिहिली. मला म्हणाल्या, “धोका खरा आहे. तो कुठे सुरू होतो, तेवढं आपण कागदावर लिहू.”

तो कागद माझ्या पर्समध्ये असतो. अचानक सुरू होऊन त्याच क्षणी टोकाला पोचलेली, फाडल्यासारखी छातीतली किंवा पाठीतली कळ, भोवळ येऊन पडणं, हातापायातलं बळ जाणं: लगेच निघायचं. खाली तिथल्या डॉक्टरांसाठी ठळक अक्षरांत: ‘मार्फान आहे. महाधमनीचं सीटी अँजिओ करा.’ महाधमनीच्या काळजीपोटी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक्स शक्यतो टाळावीत, हेही त्यातच, कारण आमच्याकडे जुलाबाला ती सर्रास देतात. दाबलं की दुखणारी बरगडी, नेहमीची जळजळ यासाठी थांबायचं. शंका वाटली तर सरळ जायचं, पण गूगल उघडायचं नाही.

बाकीचं काम कंटाळवाणं होतं. नाडी उठसूट बघायची नाही. बीपी ठरलेल्या वेळीच. एको नेहमी एकाच ठिकाणी, आणि आकडा त्याच दिवशी डॉक्टरांच्या तोंडून. यंदा ४४ आला. माझा चेहरा पाहून डॉक्टर म्हणाले, मिलिमीटरभर इकडेतिकडे मोजण्यातही होतं. त्या रात्री झोपले मी. गोळीला थोडं श्रेय, कागदाला जास्त.

सगळ्यात जड गेला तो मुलाचा भाग. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. जनुकीय समुपदेशकांनी घराण्याचा तक्ता काढला: वडिलांचा चौकोन, त्यावर ते हयात नसल्याची तिरकी रेघ, खाली मी, काळा भरलेला गोल, म्हणजे आजार असलेली. मुलाचा चौकोन रिपोर्ट येईपर्यंत रिकामा होता. मग तोही भरला. सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडे असलं काही नव्हतं हो.” खरंच आहे, माझ्याकडूनच गेलंय. मॅडमकडच्या पुढच्या कित्येक भेटी याच एका वाक्यावर गेल्या, अजून जातात.

मुलाची कबड्डी बंद झाली. तो चिडलाय, आणि त्याचं चिडणं मला रास्त वाटतं. मुलांशी बोलणारा आणि मार्फान हे नाव ऐकलेला समुपदेशक आमच्या जिल्ह्यात अजून सापडलेला नाही, तोवर मॅडमच व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोलतात. ज्यांना असं कुणीच नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ वर, चोवीस तास, मराठीतही.