जर्मनीत घर घेताना: सहीच्या आधी काय, सहीच्या नंतर काय

पुण्यात फ्लॅट घ्यायचा क्रम सगळ्यांना पाठ असतो. आवडला की टोकन, मग लोनची धावाधाव, मग अ‍ॅग्रीमेंट आणि रजिस्ट्रेशन. दर पायरीला थोडे पैसे अडकत जातात. जर्मनीत नोटरीसमोर सही होईपर्यंत तोंडी होकाराला कायद्याने काही किंमत नाही, ना तुमच्या, ना विकणाऱ्याच्या. सही झाली की मात्र मागे फिरायची वाट जवळपास बंद होते. म्हणून जी काय शंका, चौकशी, घासाघीस करायची ती सहीच्या आधीच.

टोकनचा मोह तिथेही होतो. 'तुमच्यासाठी फ्लॅट राखून ठेवतो' म्हणत एखादा माक्लर, म्हणजे एजंट, रिझर्व्हेशन फी मागतो. व्यवहार मोडला तरी परत न मिळणारी अशी फी माक्लरच्या छापील अटींमधून लावता येत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला आहे. नम्रपणे नाही म्हणा.

आता हिशोब. जाहिरातीत ४ लाख युरो लिहिलेलं घर ४ लाखांत पडत नाही. खरेदीवरचा कर राज्यागणिक बदलतो: बायर्नमध्ये ३.५ टक्के, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ५, बर्लिन आणि हेसेनमध्ये ६, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये ६.५. म्हणजे याच किमतीच्या घराला म्युनिकमध्ये १४,००० आणि कोलोनमध्ये २६,००० युरो कर. नोटरी आणि नोंदणीचे मिळून साधारण दीड ते दोन टक्के. मध्ये माक्लर असेल तर त्याचे बऱ्याच ठिकाणी ३.५७ टक्के. विकणाऱ्याने माक्लर नेमला असेल तर निम्म्याहून जास्त दलाली खरेदीदारावर टाकता येत नाही, हा नियम डिसेंबर २०२० पासून आहे. स्टुटगार्टला ४ लाखांच्या फ्लॅटवर हे सगळं धरून ४२,००० युरोच्या आसपास वरखर्च होतो. बँक बहुधा यासाठी कर्ज देत नाही, ही रक्कम स्वतःच्या खिशातली लागते. शिवाय अनेक घरं ओट्याशिवाय, कपाटांशिवाय मिळतात. स्वयंपाकघराच्या जागी नुसते नळाचे पाइप आणि प्लगपॉइंट असतात. आधीचा मालक किचन मागे ठेवणार असेल, तर त्याची वाजवी किंमत करारात वेगळी लिहून घ्यावी. तेवढ्या रकमेवर खरेदीचा कर लागत नाही.

भारतातून आईवडिलांची मदत येणार असेल तर कागद आधीपासून जमवा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली भारतात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. एप्रिल २०२५ पासून अशा कामासाठीच्या रकमेवर १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक पैसे पाठवतानाच गोळा करते तो आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. जर्मनीच्या बाजूने आईकडून आणि वडिलांकडून प्रत्येकी ४ लाख युरोपर्यंतची भेट दहा वर्षांत करमुक्त आहे, मात्र ती तीन महिन्यांच्या आत तिथल्या कर कार्यालयाला कळवायची असते. घराची किंमत रोखीने देणं एप्रिल २०२३ पासून बंद आहे.

कुठे राहायचं हा प्रश्न घराच्या आधीचा. परदेशी माणसाला जर्मनीत घर घ्यायला बंदी नाही, पण घर घेतल्याने राहायचा परवाना मिळत नाही. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, असाल तर कायमच्या परवान्याचा हिशोब आधी करा: बी-वन पातळीचं जर्मन असेल तर २१ महिने, ए-वन असेल तर २७. प्रोबेशनच्या सहा महिन्यांत बँका सहसा दारात उभं करत नाहीत. चाकणहून मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेनला किंवा फोक्सवागनच्या वोल्फ्सबुर्गला बदलून गेलेल्या माणसाने आणखी एक विचार करावा. एका कंपनीवर चालणाऱ्या गावात नोकरी आणि घर एकाच खुंटीला टांगलं जातं. ती कंपनी आजारी पडली की पगार थांबतो आणि त्याच महिन्यात घराचं गिऱ्हाईकही पळतं. मोठ्या शहराच्या एस-बानवरचं, म्हणजे तिथल्या लोकलवरचं, चालत स्टेशन गाठता येईल असं उपनगर मला त्यापेक्षा कधीही जास्त भरवशाचं वाटतं.

मुलं असतील तर शाळेची पद्धत राज्यावर ठरते. बायर्नमध्ये चौथीतच वाटा फुटतात. गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जायचं तर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते, आणि तिथे १ हा सर्वात चांगला गुण. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते. तिसरीत जर्मन शिकायला लागलेल्या मुलाला ही दोन वर्षं फार मोलाची ठरतात.

आता कागद. मंडळी भिंती बघण्यात वेळ घालवतात आणि कागद घाईत चाळतात, तिथेच फसगत होते. पहिला ग्रुंडबूखचा उतारा, आपल्या प्रॉपर्टी कार्डाचा भाऊ. त्याचे तीन भाग: पहिल्यात मालक, दुसऱ्यात बोजे आणि हक्क, तिसऱ्यात कर्जं. कर्ज फिटतं आणि नोंद निघते, त्याची भीती नाही. खरा डोळे लावून वाचायचा तो दुसरा भाग. तिथे विकणाऱ्याच्या म्हाताऱ्या आईचा तहहयात राहण्याचा हक्क नोंदलेला असेल, तर घर तुमचं होईल आणि राहील ती. शेजाऱ्याचा वहिवाटीचा रस्ताही इथेच सापडतो. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर तिचा ग्रुंडबूख वेगळा असतो. किंमत परिसरापेक्षा बरीच कमी दिसली की हे आधी विचारा.

फ्लॅट असेल तर इमारतीच्या मालकसभेची किमान तीन वर्षांची इतिवृत्तं मागा. छप्पर, लिफ्ट, भूमिगत पार्किंग, उभ्या पाइपलाइनी यांचा विषय 'पुढच्या सभेत ठरवू' म्हणून दोनदा पुढे ढकललेला दिसला, तर तो खर्च तुमच्या डोक्यावर येणार हे नक्की समजा. महिन्याच्या मेंटेनन्सला तिथे हाउसगेल्ड म्हणतात आणि आपल्या सिंकिंग फंडासारखा दुरुस्तीचा निधी वेगळा असतो. निधीत खडखडाट असेल तर मालकांकडून जादा वर्गणी काढतात. समजा छपराचं काम ३ लाख युरोचं आणि तुमचा वाटा हजारात ८५. झाले २५,५०० युरो, गृहप्रवेशाच्या पहिल्याच वर्षी. सभेने ठराव आधी केला असला, तरी हप्ता मागितला जातो तेव्हा जो मालक त्याच्या माथी तो येतो. हे करारात विकणाऱ्यावर घालून घेता येतं, पण पुन्हा तेच, सहीच्या आधी. खिडक्यांच्या चौकटी आणि बाल्कनीचा बाहेरचा भाग सगळ्यांच्या मालकीचा असतो, त्यामुळे आपल्याकडच्यासारखी बाल्कनी ग्रिल लावून आत घेता येत नाही.

भाडेकरूसह घर स्वस्त मिळतं. पण मालक बदलला म्हणून भाडेकरार मोडत नाही. भाडेकरू राहत असताना इमारतीची स्वतंत्र फ्लॅटमध्ये वाटणी करून ते विकले असतील, तर 'मला स्वतःला राहायचंय' या कारणाने नोटीस द्यायला तीन वर्षं थांबावं लागतं. बर्लिन आणि म्युनिकमध्ये हीच मुदत दहा वर्षं आहे.

घर बघायला जाताना टेप न्या. छताखालच्या मजल्यावर उतरत्या भागात एक मीटरपेक्षा कमी उंचीची जागा क्षेत्रफळात धरत नाहीत, एक ते दोन मीटर उंचीची निम्मी धरतात, बाल्कनी सहसा पाव. तळघरात उतरा आणि बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, हात फिरवा. रंग फुगलेला असेल, बोटांना पांढरी भुकटी लागली, तर भिंतीत ओल चढते आहे. ताजा रंग फक्त खालच्या पट्ट्यातच मारलेला दिसला तर जास्तच संशय घ्या. बॉयलरवरच्या पत्र्याच्या पट्टीवर बनावटीचं वर्ष असतं, त्याचा फोटो काढा. जुन्या घराच्या करारात दोषांची जबाबदारी विकणारा जवळपास नेहमीच झटकतो. जाणूनबुजून लपवलेलं सिद्ध झालं तरच तो अडकतो, आणि ते सिद्ध करणं अवघड.

नोटरी हा तटस्थ अधिकारी असतो. तो तुमचा वकील नाही आणि इमारत तपासत नाही. तो पूर्ण करार मोठ्याने वाचतो. जर्मन नीट कळत नसेल तर दुभाषा लागतो, हे नोटरीला आधीच सांगा. मसुदा दोन आठवडे आधी मागून घ्या. विकणारा बिल्डर असेल तर तसा कायदाच आहे. बँकेचं लेखी कर्जमंजुरीपत्र हातात नसेल तर सहीला जाऊ नका. कर्ज नाकारलं गेलं तरी करार उभाच राहतो.

सहीनंतर पैसे लगेच पाठवायचे नाहीत. आधी तुमच्या नावाची राखीव नोंद ग्रुंडबूखमध्ये होते, जुन्या कर्जाची मुक्ती आणि नगरपालिकेची संमती येते. मग नोटरी लेखी कळवतो की रक्कम आता देय आहे. यात साधारण चार ते आठ आठवडे जातात. त्या पत्राआधी विकणाऱ्याने कितीही गळ घातली तरी एक युरोही सोडू नका. खरेदीचा कर भरल्यावरच कर कार्यालय नाहरकत देतं आणि मालकीची शेवटची नोंद होते, कधीकधी त्याला महिने लागतात.

चाव्या मात्र रक्कम पोचली की मिळतात. त्या दिवशी वीज, पाणी आणि प्रत्येक रेडिएटरवरच्या मीटरचे आकडे दोघांनी मिळून लिहून सह्या करा, आणि चाव्या मोजा: मुख्य दार, फ्लॅट, तळघर, टपालपेटी.