सेशन न मारता

फेब्रुवारीतली संध्याकाळ. मी गंगापूर रोडला घरी पोचतो न पोचतो तोच पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून फोन. "सर, लेबलं निघत नाहीयेत. स्क्रीनच उघडत नाही."

निर्यातीच्या द्राक्षांचा ऐन हंगाम. कंटेनर रात्रीच न्हावा शेवाला निघायचा होता आणि भरलेल्या पेट्या लेबलाविना प्रीकूलिंगच्या दाराशी थांबल्या होत्या. लेबलावर ग्रेपनेटमधला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणीतला, बागेचा क्रमांक असतो. तो नसला तर पेटी कुठल्या शेतकऱ्याच्या प्लॉटची हे कळत नाही, आणि असा माल पुढे जात नाही.

लेबलांचा प्रोग्राम चालतो तो लिनक्स सर्व्हर शरणपूर रोडच्या ऑफिसात. पॅकहाउसवाले इंटरनेटवरून टायगर व्हीएनसी या दुरून स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रामनं त्याचा डेस्कटॉप उघडतात. ऑफिसला कुलूप, किल्ली मालकांकडे, मालक मुंबईत. माझ्याकडे एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरला कमांड टाइप करून द्यायची, वाट तेवढी उघडी होती: काळा पडदा आणि कीबोर्ड.

"स्क्रीनवर काय लिहून येतंय? अक्षरन् अक्षर वाच," मी म्हणालो. ऑपरेटर मुलीनं वाचलं, "टू मेनी सिक्युरिटी फेल्युअर्स."

'व्हीएनसीसर्व्हर डॅश लिस्ट' दिलं. एक नंबरचं सेशन, म्हणजे पॅकहाउसवाले उघडतात तो चालू डेस्कटॉप, जिवंत होतं. इथे हात शिवशिवतात: सेशन मारा, नवीन सुरू करा, दोन मिनिटांत मोकळे. पण त्या सेशनमध्ये दुपारपासून भरलेली लॉटची यादी उघडी होती. "सेव्ह केलीय का?" विचारलं तर उत्तर आलं, "अर्धी, सर." सेशन मारलं असतं तर उरलेली यादी पुन्हा भरायला तिला दोन तास लागले असते. म्हणून सेशनला हात लावायचा नाही, हे आधी ठरवलं.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. दर काही सेकंदांनी एक ओळ सरकत होती: चुकीचा पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, ब्लॅकलिस्टेड. आणि प्रत्येक ओळीत पत्ता एकच, आमच्याच राउटरचा. त्या पत्त्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. मग उलगडलं. आधी काम पाहणाऱ्या कोणीतरी सोयीसाठी राउटरवर ५९०१ हा पोर्ट, म्हणजे व्हीएनसीचं दार, सरळ बाहेर उघडून ठेवला होता. बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी राउटर स्वतःच्या नावावर आत सोडत होता. जगातलं कुठलं तरी यंत्र पासवर्ड चाचपत होतं आणि सर्व्हरला ते आणि आमचं पॅकहाउस एकच माणूस वाटत होते. टायगर व्हीएनसी पाच चुकांनंतर त्या पत्त्याला दार बंद करतो, आधी १० सेकंद, मग दर वेळी दुप्पट. भुरटा बाहेर, आणि त्याच्याबरोबर घरची माणसंही बाहेर.

'व्हीएनसीकॉन्फिग'नं चालू सेशनमध्येच ही मर्यादा वाढवता येते, सेशन बंद करावं लागत नाही. पण मर्यादा वाढवली की चाचपणाऱ्यालाही हवे तितके प्रयत्न मिळणार. व्हीएनसीच्या साध्या पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात. मालकांनी कितीही लांब ठेवला तरी पुढची वाया. अशा दाराची कडी सैल करायला माझं मन धजेना.

मग सुचलं की पॅकहाउसला राउटरच्या पत्त्यानं येऊच द्यायचं नाही. एसएसएचच्या बोगद्यातून आलेली जोडणी सर्व्हरला स्वतःच्याच घरातून, १२७.०.०.१ वरून आल्यासारखी दिसते, आणि तो पत्ता काळ्या यादीत नव्हता.

पॅकहाउसच्या विंडोज १० मध्ये एसएसएच होतंच. तिला फोनवर सांगत एसएसएचची किल्ली बनवणारं 'एसएसएच-कीजेन' चालवायला लावलं. किल्लीचा सार्वजनिक भाग तिनं व्हॉट्सॲपवर पाठवला. तो कुणी पाहिला तरी बिघडत नाही. दुसरी फाइल कुणालाही द्यायची नाही, हे मी तिला दोनदा बजावलं. मी ती ओळ सर्व्हरवर चढवली. मग खरी कसोटी, फोनवरून कमांड सांगायची. मागे ग्रेडिंगच्या टेबलांवर बायकांची गडबड, आणि मी ओरडतोय, "डॅश, मोठा एल. मग पाच नऊ शून्य एक, कोलन, लोकलहोस्ट, कोलन, परत पाच नऊ शून्य एक."

"यस टाकू का विचारतंय, सर."

"टाक. आता व्हीएनसीत पत्ता लोकलहोस्ट, कोलन, एक दे."

फोनवर काही क्षण नुसते आवाज. मग, "आली! यादी तशीच आहे, सर!" पाठोपाठ प्रिंटरची करकर ऐकू आली. मी खुर्चीत मागे टेकलो.

बाहेरचं दार मात्र अजून उघडंच होतं. फायरवॉल चालू करायची होती, आणि दुरून फायरवॉल चालू करणं म्हणजे बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड. एक नियम चुकला की मीच बाहेर, ऑफिसला कुलूप आणि गाडी खोळंबलेली. म्हणून आधी ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या 'ॲट'मध्ये काम लावलं: दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद. मग एसएसएचला परवानगी दिली आणि शेवटी 'यूएफडब्ल्यू एनेबल'. चालू जोडण्या तुटू शकतात असा इशारा आला. 'वाय' दाबलं. दुसऱ्या खिडकीतून नव्यानं लॉगिन करून पाहिलं, आत आलो. मगच 'एटीआरएम'नं ते लावलेलं काम काढलं. लॉग थांबला होता. तिकडे छपाई चालूच.

कंटेनर रात्री साडेअकराला निघाला. सकाळी यादी सेव्ह झाल्याची खात्री करून मी सेशन रीतसर मारलं, फक्त सर्व्हरच्या आतूनच जोडणी घेणारं 'डॅश लोकलहोस्ट' लावून पुन्हा उभं केलं, आणि ऑफिसात जाऊन राउटरवरचा तो नियम काढून टाकला.

दुपारी तिचा फोन आला. घाबरतच उचलला.

"सर, घरी जाताना ती काळी खिडकी बंद करायची की तशीच ठेवायची?"

"बंद कर," मी म्हणालो. "आणि सकाळी आल्यावर आधी तीच उघड."