विहिरीचं पाणी, तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि माझा पहिला प्लांटेड टँक

गोव्यात कोणी पहिल्यांदा प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक, लावत असेल तर माझं एकच सांगणं, आधी पाणी तपासा, टँक, लाइट, झाडं सगळं मागाहून. मी फोंड्याजवळ राहते, नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं आणि घरामागे विहीर आहे. नळाच्या पाण्यात क्लोरिन, तो फिल्टरमधल्या उपयोगी बॅक्टेरियांना मारतो, म्हणून दर वेळी डीक्लोरिनेटर घालावं लागतं. विहिरीला ती भानगड नाही म्हणून विहिरीचंच घ्यायचं ठरवलं आणि टेस्ट किट मागवलं.

त्यातली केएचची टेस्ट मला फार आवडली. केएच म्हणजे पाण्यात कार्बोनेट किती आहेत ते. नळीत पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं, पाणी आधी निळं होतं आणि ज्या थेंबाला पिवळं होईल तो आकडा. आमचं पाणी निळं झालंच नाही, पहिल्याच थेंबाला पिवळं! पीएच सहाच्या जरा वर. आपल्याकडे सगळा जांभा दगड, त्यात लोह भरपूर पण चुना जवळजवळ नाहीच, मग विहिरीचं पाणी हलकं आणि थोडं आम्लधर्मी असणारच.

हे एवढं का सांगतेय, तर सगळा खेळ सायकलचा, म्हणजे टँकमधली घाण जिरवणाऱ्या चक्राचा आहे. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरं झाडं खातात. हे बॅक्टेरिया बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि काम करताना ते पाण्यातले कार्बोनेट वापरत जातात. आता ज्या पाण्यात मुळातच कार्बोनेट नाहीत तिथे पीएच घसरत जातो आणि तो सहाच्या खाली गेला की बॅक्टेरिया एकदम मंदावतात. म्हणजे आमच्या विहिरीच्या पाण्यात नुसतं थांबून भागलं नसतं.

उपाय घरातच होता. तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, सुक्कं केलं होतं त्या दिवशी, त्याच्या शिंपल्या घासून धुतल्या, उकळल्या, उन्हात सुकवल्या आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवल्या. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आम्लधर्मी असेल तर ती आपोआप थोडी थोडी विरघळते. केएच हळूहळू तीनवर आला, पीएच सातच्या जवळ. ह्याच कारणासाठी किनाऱ्यावरची रेती मात्र तळाला घालू नका, तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा इतका की त्यावर आपला काही कंट्रोल राहत नाही.

टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, साधारण ५६ लिटर. म्हणजे पाण्याचंच वजन ५६ किलो, वर काच आणि खडी, तेव्हा टेबल भक्कम हवं आणि टँकखाली थर्माकोलची शीट. तळाला बागेतली तांबडी माती चाळून, शेणखत नसलेली, तिचा इंचभर थर आणि वर बारीक खडी. ती माती जांभ्याचीच, आणि त्यातलं लोह झाडांच्या मुळांना चालतं. झाडं सोपीच घेतली, वॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन, अनुबियास, जावा फर्न. शेवटच्या दोघांचा जाड आडवा कंद खडीत पुरायचा नाही, कुजतो, तो दोऱ्याने लाकडाला बांधायचा. क्रिप्टोकोरिनची पानं पहिल्या आठवड्यातच काचेसारखी पारदर्शक होऊन गळाली, पण हे नव्या पाण्यात होतंच असं वाचलं होतं म्हणून मुळांना हात लावला नाही, आणि मधूनच तांबूस कोवळं पान वर आलं तेव्हा मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. ह्या क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या व्हाळांत, म्हणजे ओढ्यांत, आपसूक वाढतात, किती लोकांना माहीत असतं हे?

सायकलला अमोनिया पाहिजे म्हणून एक कच्चं सुंगट, म्हणजे कोळंबी, पातळ कपड्यात बांधून टँकमध्ये सोडलं. सासूबाई रोज येऊन बघायच्या, "अगो, खायचं सुंगट कुजवत काय बसलीस? आणि मासे कधी घालणार?" मी म्हणायचे, "आई, जरा दम धरा, आधी त्यांची जेवणखोली तयार होऊ दे." सुंगटावर पांढरा बुरा धरला, वासही यायला लागला तेव्हा काढून टाकलं. अमोनियाची टेस्ट पिवळ्याची हिरवीगार झाली, मग ती उतरली आणि नायट्राइटची आकाशी नळी जांभळी व्हायला लागली, आणि शेवटी दोन्ही शून्य. काचेवर तपकिरी धूळ धरलेली, नव्या टँकला ती धरतेच, लाइट टायमरवर सहा तास ठेवला आणि ती आपोआप कमी झाली.

मासे झेब्रा डॅनिओ घेतले, आठ. चपळ, काटक, कळपात राहणारे, आणि उड्या मारतात म्हणून टँकला झाकण हवंच. मला आवडलेली एक गोष्ट म्हणजे ह्या माशाचं शास्त्रीय वर्णन १८२२ मध्ये ज्या फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यांनी केलं त्यांनीच, तेव्हा बुकॅनन आडनाव असताना, केरळातल्या अंगडीपुरमचा जांभा दगड बघून १८०७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे माझ्या टँकच्या तळाची माती आणि वरचे मासे, दोन्ही एकाच माणसाने नोंदवलेले!

दुकानातलं पाणी आणि आपलं पाणी वेगळं असतं, म्हणून पिशवी आधी वीसेक मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, मग तिच्यात थोडं थोडं आपलं पाणी घालत गेले आणि मासे जाळीने उचलून सोडले, पिशवीतलं पाणी आत घातलं नाही.

आता दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलते, काढलेलं पाणी अबोलीला जातं. हीटर आपल्याला लागतच नाही, उलट मे महिन्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून तेव्हा एअर पंप लावायचा, आणि पावसाळ्यात लाइट जाते त्यासाठी बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप घेऊन ठेवलाय. वाढलेली वॅलिसनेरिया मात्र व्हाळात किंवा विहिरीत टाकू नका, मासेही सोडू नका. मासे कोणाला तरी द्या, आणि वॅलिसनेरिया कोणाला द्या नाहीतर बागेतल्या झाडांच्या बुंध्याशी टाका. जूनमध्ये विहीर भरली की पाणी आणखी हलकं होईल, तेव्हा केएच परत मोजायचा आणि लागल्या तर शिंपल्या वाढवायच्या.