विंचवाची गोळी

भातकापणीचे दिवस. रायगडातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी नवखा मेडिकल ऑफिसर. रात्री आठच्या सुमाराला एका बापाने सहा वर्षांचं पोर टॉवेलात गुंडाळून आणलं. पेंढ्यात खेळताना बोटाला लाल विंचू डसलेला. आधी दोन तास मांत्रिकाकडे गेलेच होते.

पोर रडत नव्हतं. "आता दुखत नाय त्याला, उतरला वाटतं," आजी म्हणाली. मला मात्र तेच खटकलं. दरदरून घाम, तोंडातून लाळ, दोनदा उलटी, हातपाय गारठलेले, नाडी १४०च्या वर.

हात सवयीने इंजेक्शनच्या ट्रेकडे गेला. वीस वर्षं तिथेच असलेल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, डेक्सा, ॲट्रोपिन नको. आधी गोळी."

गोळी म्हणजे प्राझोसिन, रक्तदाबाची. लाल विंचवाच्या विषाने शरीरातच ॲड्रिनलिनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. आवळलेल्या वाहिन्या ही गोळी सैल करते. आमच्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा उपचार मांडला. त्याआधी गंभीर रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस जायचे, नंतर एखाददुसरा. हे सगळं मी वाचलेलं होतं, पण ऐनवेळी आठवलं ते सिस्टरना.

वजन १८ किलो. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमची साधारण अर्धी गोळी. बाहेरच्या मेडिकलमध्ये हळूहळू विरघळणारीच मिळते, ती इथे कुचकामी. साध्या गोळ्यांची एक पट्टी सिस्टरनी कपाटात जपून ठेवली होती.

"सुई नाय, सलाईन नाय, अर्धी गोळी?" आजी भडकली. मी काय सांगणार! पुढे बाप पोराला लघवीला उठवायला गेला, तर सिस्टर धावल्या: "आडवाच राहू दे त्याला!" पहिल्या गोळीनंतर उभं केलं तर रक्तदाब धाडकन उतरतो.

२०११ साली बावस्करांच्याच अभ्यासात दिसलं, की गोळीच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. आमच्या फ्रीजमध्ये त्या रात्री सापाचं होतं, विंचवाचं नव्हतं.

सव्वाअकराला दुसरी अर्धी. दर पंधरा मिनिटांनी मी छातीला स्टेथो लावत होतो आणि तळपाय चाचपत होतो. साडेबाराला घाम थांबला. दीडच्या सुमाराला पाय कोमट लागले, आणि तेवढ्यात पोराने भोकाड पसरलं. "आये, बोट दुखतंय!"

आजी माझ्यावर धावून आली. "बघा, नव्हतं दुखत ते दुखायला लागलं!"

विष ओसरायला लागलं की डंखाची कळ परत येते, हेही त्या नोंदींत आहे. मी सिस्टरकडे पाहिलं. त्या घड्याळ बघून केसपेपरवर वेळ टाकत होत्या, आणि हसत होत्या.