तिची इंजेक्शनं, माझ्या गोळ्या

माझ्या स्वतःच्या स्त्रीबीजांवर दोन आयव्हीएफ सायकल झाल्या. पहिली लाँग प्रोटोकॉलची, म्हणजे औषधांच्या लांब वेळापत्रकाची. आधीच्या पाळीच्या एकविसाव्या दिवसापासून रोज ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन घेऊन मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी निजवायची आणि मग बीजं वाढवणारं एफएसएच सुरू करायचं. जवळजवळ चार आठवडे पोटात सुई. डोकं ठणकायचं, साताऱ्याच्या जानेवारीतही रात्री घामानं जाग यायची. बीजं मिळाली तीन. दुसरी अँटागोनिस्टवर: पाळीच्या दुसऱ्या दिवशी थेट एफएसएच, बीजं वेळेआधी सुटू नयेत म्हणून सहाव्या दिवसापासून सेट्रोरेलिक्स हे अँटागोनिस्ट, ०.२५ मिलिग्रॅम, आणि बाराव्या-तेराव्या दिवशी पिकअप, म्हणजे बीजं काढून घेणं. बीजं चार. अंगाला ही कितीतरी सोपी गेली, पण गर्भ दोन्ही वेळा राहिला नाही. वय एक्केचाळीस, आणि शिल्लक बीजांचा अंदाज देणारं रक्तातलं एएमएच अवघं ०.६. डॉक्टरांनी डोनर, म्हणजे बीजं देणारी दुसरी बाई, सुचवली. हो म्हणायला मला चार महिने लागले.

हो म्हटल्यावर मी पहिलं विचारलं ते हेच, की तिला कुठला प्रोटोकॉल देणार?

याला कारण माझी धाकटी जाऊ. तिला पीसीओडी, म्हणजे अंडाशयात छोट्या बीजपिशव्यांची गर्दी. लाँग प्रोटोकॉल, ट्रिगरला (पिकअपआधी बीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनला) एचसीजी, आणि चार दिवसांत पोट घागरीसारखं. पोटात पाणी झालं, लघवी कमी झाली, श्वास पुरेना. सहा रात्री मी तिच्या उशाशी बसून होते. एचसीजी रक्तात बरेच दिवस टिकतं आणि तितके दिवस अंडाशयाला चिथावत राहतं. आपल्यासाठी सुया टोचून घेणाऱ्या कुणा अनोळखी बाईवर ती वेळ यावी, हे मला सहन झालं नसतं.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. अँटागोनिस्टमध्ये पिट्यूटरी पूर्ण निजलेली नसते, म्हणून ट्रिगरला एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइडसारखं अ‍ॅगोनिस्ट देता येतं. त्यानं बीज पिकवणारं शरीराचंच एलएच संप्रेरक उसळतं आणि लवकर ओसरतं, अंडाशय शांत होतात. लाँगमध्ये हा मार्ग बंद, ग्रंथी आधीच थकलेली. या ट्रिगरनं पुढे गर्भाशयाच्या अस्तराला आधार कमी पडतो खरा, पण डोनरला गर्भ ठेवायचाच नसतो. त्याच कारणानं काही डॉक्टर सेट्रोरेलिक्सऐवजी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात. तेवढ्या सुया वाचतात, खर्चही उतरतो. शिवाय २०२१ च्या एआरटी, म्हणजे सहाय्यित प्रजननाच्या, कायद्यानं डोनरकडून जास्तीत जास्त सातच बीजं घेता येतात, तीही आयुष्यात एकदाच. मग वीस-पंचवीस बीजांच्या हव्यासानं डोस चढवायचाच कशाला? तिच्यासाठी बारा महिन्यांचा विमाही आम्हीच काढायचा. तो कागद मी दोनदा वाचला.

माझ्या वाट्याला आल्या गोळ्या. अस्तर वाढवायला एस्ट्राडायोल व्हॅलरेट २ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी पाकीट ठेवलं होतं. अस्तर ८.४ मिलिमीटर झालं. तिच्या पिकअपच्या दिवसापासून, अस्तर गर्भासाठी तयार करायला, माझं प्रोजेस्टेरॉन.

मला तिचं वय आणि रक्तगट एवढंच ठाऊक. पण पिकअप गुरुवारी सकाळी नऊला, हे कळलं होतं. ट्रिगर त्याच्या छत्तीस तास आधी; मागे मोजलं की मंगळवार, रात्री नऊ. त्या वेळी मी भाकरी थापत होते. तवा उतरवला आणि देवापाशी जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात सिस्टरना फोन करून आधी तिचं विचारलं.

"पाळी आली तिला ताई. पोट मऊ आहे, काल कामावर गेली."