रतनवाडी ते खिरेश्वर: सॅक, पाणी आणि उजेडाचा हिशेब

सह्याद्रीतल्या या ट्रेकचा मार्ग ठरलेला आहे: रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई, हरिश्चंद्रगड, टोलारखिंड, खिरेश्वर. रतनगड या खेपेला वगळलाय. गड करून त्याच दिवशी खिंड ओलांडायची म्हटलं तर पलीकडच्या उतारावर अंधार गाठतो. मागच्या नोंदीत सॅक साडेबारा किलोवर अडून बसली होती, ती आता पाण्यासकट साडेनऊवर आली आहे. त्यामुळे पहिल्या दिवसाचं गणितच बदललं, म्हणून ही नोंद मुख्यतः त्या दिवसाची.

तीन किलो गेले कुठे? तंबू (२.२ किलो) आणि शेगडी-भांडी (०.८ किलो) घरी. कुमशेत आणि पाचनईत घरगुती जेवण आणि ओसरीवर पथारी मिळते, आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगायचं आणि ठरलेले पैसे न घासाघीस करता द्यायचे. शिवाय गॅसचं कॅनिस्टर लोकलमधून न्यायला मुळातच मनाई आहे. ज्वालाग्राही वस्तूंचा नियम रिकाम्या डब्यालाही लागतो आणि छोट्या डब्यालाही. उरलेलं वजन किलोत असं: ४५ लिटरची सॅक १.३, स्लीपिंग बॅग १.१, मॅट ०.४, कपडे १, टॉर्च-पॉवरबँक-औषधं-दोरी १, सुकं खाणं १.५, बाटल्या आणि प्यायचा मग ०.२, पाणी ३. पाण्याला हात लावायचा नाही. वजन कमी करायच्या नादात पाण्याची बाटली काढणारे लोक दुपारी दुसऱ्याची बाटली मागतात.

पाण्यासाठी एक लिटरच्या साध्या शीतपेयाच्या बाटल्या सगळ्यात बऱ्या. हलक्या, आणि किती उरलं ते दिसतं. नळीवाल्या पिशवीत पाणी संपल्याचं संपल्यावरच कळतं. थंडीत चढावर ताशी अर्धा लिटर, उन्हात पाऊण. ओढ्याचं पाणी डिसेंबरपर्यंत बहुतेक ठिकाणी वाहतं असतं, फेब्रुवारीनंतर डबक्यांवर भागवावं लागतं आणि डबकं गुरांचंही असतं. आधी दुहेरी सुती फडक्यातून गाळायचं, मग क्लोरीनची गोळी, मग पाकिटावर लिहिलेला वेळ (सहसा अर्धा तास) थांबायचं. गढूळ पाण्यात गोळी थेट टाकली तर क्लोरीन गाळावरच खर्च होतं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरातच. घाईत अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं तर मीठ-साखर दुप्पट होते, तहान वाढते आणि मळमळतं. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

आता दिवस. शेवटच्या कसारा लोकलने जाऊन, आधी सांगून ठेवलेल्या जीपने घोटी-शेंडीमार्गे उजाडता रतनवाडी गाठता येते. बहुतेक गट तसंच करतात. आमचं मत त्याविरुद्ध आहे: जागरण करून सुरू केलेल्या चालीत तिसऱ्या प्रहरी पाय अडखळतात, आणि नेमका तेव्हाच खिंडीचा उतार पायाखाली असतो. आदल्या संध्याकाळी पोचून रतनवाडीत झोपावं. मग साडेपाचला उठणं, चहा, तळपायांना टेप, आणि पावणेसातला अमृतेश्वराच्या देवळापासून निघणं. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो, त्यानंतर वाट दिसेल असा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे हातात अकरा तास. त्यातले दोन जेवणाचे, पाण्याचे, वाट शोधण्याचे.

वेळ काढायची आमची रीत: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने हा नियम १८९२ मध्ये मांडला. समजा २० किलोमीटर आणि ९०० मीटर चढ, तर साडेपाच तास. सह्याद्रीत यात निम्मी भर घाला, कारण आपल्याकडचा उतार चढाइतकाच वेळ खातो. घसारा असतो, मुरूम असतो, वाळलेल्या गवताखाली सुटे दगड असतात. सव्वाआठ तास झाले, आणि अकरातून दोन वजा केले तरी नऊ उरतात. जमतं, पण शिलकीत पाऊणच तास. साडेबारा किलोच्या सॅकने हीच शिलक संपत होती. चढ मोजायला सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० नकाशा पुरतो, त्यावर दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरचा फरक असतो.

निर्णयाची जागा कुमशेत. दुपारी दोनच्या आत तिथे पोचलो तर पाचनई. तीन वाजून गेले तर मुक्काम तिथेच, वाद नाही. मधला तास दमणुकीवर आणि पुढच्या पाण्यावर ठरवायचा. पुढे मुळा नदी ओलांडायची असते. थंडीत ती दगडांवर पाय टाकत ओलांडता येते, पावसाळ्यात हा बेतच आखू नये.

वाट चुकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: ढोरवाट. ती जास्त मळलेली, जास्त रुंद असते, पण गुरांना पाण्याकडे आणि गवताकडे जायचं असतं, खिंडीकडे नाही. रतनगडाची वाट आणि कात्राबाईची वाट जंगलात फुटते तिथे थांबून फोनमधला ट्रॅक (आधी कुणी चालून नोंदवलेली वाट) पाहायचाच. ट्रॅक कोणत्या महिन्यात नोंदवलाय तेही बघा. पावसाळ्यानंतरचं गवत आणि वाढलेली कारवीची झुडपं वाट गिळून टाकतात. कड्याखाली आणि नाळेत (डोंगरातल्या अरुंद घळीत) जीपीएस पन्नास मीटरही इकडे-तिकडे दाखवतं, तिथे डोंगराचा आकार खरा मानायचा. नकाशा आधीच उतरवून घेऊन फोन फ्लाइट मोडवर. १०,००० एमएएचच्या पॉवरबँकेतून ५,०००चा फोन दोनदा भरत नाही, सव्वा वेळा भरतो. बाकी गळतीत जातं.

खाणं न शिजवता. जाडे पोहे थंड पाण्यात दहा मिनिटं, त्यावर मेतकूट, मीठ, शेंगदाणे. सातूचं पीठ आणि गूळ पाण्यात कालवून, हे चालत्या दिवसाचं सगळ्यात सोयीचं अन्न, पचायलाही हलकं. दर तासाला मूठभर शेंगदाणे किंवा चिक्की (१०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५७० कॅलरी). जेवणासाठी वाट बघत बसलं की चढावर पाय जड होतात. भाकरी-ठेचा दुपारच्या सावलीत, पण ठेचा बेताने. अंगाला अत्तर किंवा डिओ नको, आणि कड्याखाली धूर नको. आग्या मोहोळ उठलं तर सॅक टाकून पळण्यापलीकडे काही हातात नसतं.

बूट हा मुंबईकरांचा खास घोळ. पावसाळाभर पोटमाळ्यावर डब्यात बंद ठेवलेल्या बुटांचा पॉलियुरेथेनचा मधला थर दमट हवेने आतून कुजतो. वरून बूट नवा दिसतो आणि हंगामाच्या पहिल्याच उतारावर तळ सुटतो. निघायच्या पंधरा दिवस आधी अंगठ्याने तो थर जोरात दाबून बघा. भेगा किंवा भुगा दिसला तर बूट बाद. डिंक लावून काही होत नाही, कारण चिकटायला खाली भक्कम काही उरलेलंच नसतं. अधूनमधून वापरले तर बूट जास्त टिकतात, म्हणून स्टेशनला जातानाही घाला. सॅकच्या आतलं अस्तर चिकट होऊन वास मारायला लागतं तेही याच कारणाने. तरीही वाटेत तळ सुटलाच तर सुतळी आणि चार केबल टाय जवळ असावेत, गावापर्यंत निभतं. नखं तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. उतारावर नाडी घोट्यापाशी घट्ट, बोटांवर सैल. टाच सरकली की बोटं पुढे आदळतात आणि नख काळं पडतं. फोड येण्याआधी जागा गरम लागते. तेव्हाच थांबून टेप लावायची, पुढच्या विश्रांतीपर्यंत टाळायचं नाही.

सराव इमारतीच्या जिन्यावर चालू आहे. एक मजला साधारण ३ मीटर, म्हणजे वीस मजली जिना दहा वेळा चढला की ६०० मीटर. पाठीवर पाण्याच्या बाटल्या: चार किलोपासून सुरुवात, आठवड्याला एक किलो वाढ, साडेनऊला थांबायचं. बरेच जण चढून लिफ्टने उतरतात आणि तिथेच सरावातला अर्धा फायदा हातचा जातो. मांडीचे पुढचे स्नायू उतरताना ताणले जात असतानाच भार झेलतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं त्यातूनच येतं. त्यामुळे उतरायचं पायांनीच, सॅकसकट, सावकाश, गुडघा किंचित वाकवून. गुडघ्याच्या सांध्यात टोचलं तर त्या आठवड्यात वजन वाढवायचं नाही. रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंत आणि परत, तेही बुटातच. चढ फारसा नाही, पण डांबरी रस्त्यावर पाय तापतात आणि मोजे कुठे घासतात ते तिथे कळतं.

बाकी आहे ते हरिश्चंद्रगडावरच्या रात्रीचं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि गडाच्या कोकणकड्यावरचा वारा त्याहून वाईट. घामाने भिजलेला सुती बनियन तिथे अंगावर वाळत नाही. झोपायचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवलाय, आणि टोपी. दुसऱ्या दिवशी टोलारखिंडीकडे निघताना आधी टेकड्यांची चढउतार, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा. दंव पडलेलं असेल तर तो नऊनंतरच उतरायचा. खिरेश्वरपासून खुबी फाटा पाचेक किलोमीटर, तिथे कल्याणची एसटी मिळते. गाडीची वेळ आधी विचारून ठेवायची, कारण तीही उजेडाच्या हिशेबातच धरावी लागते.