पाच पानांत नसलेली रात्र

आमचं ऑफिस साकीनाक्याला, मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कंपन्या जागा सांगतात, आम्ही माणसं शोधून देतो. माझ्याकडे गोदाम, डिस्पॅच आणि ट्रान्सपोर्टच्या जागा असतात. त्या दिवशी भिवंडीतल्या एका गोदामासाठी मॅनेजर हवा होता. क्लायंटच्या ऑपरेशन्स हेडनी बजावलं होतं, "मोठमोठी पदं मिरवलेला माणूस नको, गोदाम स्वतः हलवलेला पाठवा." नावं संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

दुपारी डोंबिवलीहून एक गृहस्थ थेट ऑफिसात आले. वय पन्नाशीच्या आसपास, हातात प्लास्टिकचं फोल्डर. "मॅडम, अर्ज करून करून थकलो, कुणाचा फोनच येत नाही." सिस्टीममध्ये नाव शोधलं तर त्यांचा अर्ज सापडला, पण मोबाइल नंबरची जागा रिकामी! नंबर त्यांनी पानाच्या हेडरमध्ये, सुबक चौकटीत टाकला होता आणि आमचं सॉफ्टवेअर हेडरमधला मजकूर उचलतच नाही. नोकऱ्या टेबलात मांडल्या होत्या. त्यातल्या तारखा एकीकडे आणि कंपन्यांची नावं दुसरीकडे जाऊन पडली होती. साधा, एका खाली एक असा मजकूर टाकला असता तर हे झालंच नसतं.

हे निस्तरायला फार वेळ लागला नाही. खरी अडचण पुढे होती.

सीव्ही पाच पानांचा. सुरुवातीला करिअर ऑब्जेक्टिव्ह: नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःचा विकास साधणे. हे वाक्य कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलानं लिहिलं तर चालून जातं; पंचवीस वर्षं गोदामं सांभाळलेल्या माणसाबद्दल ते काहीच सांगत नाही. त्याखाली वडिलांचं नाव, धर्म, दहावीचे टक्के, पासपोर्ट नंबर आणि चक्क आधार नंबर. हा कागद किती अनोळखी हातांतून फिरतो याचा विचार केला तर आधार नंबर त्यावर असताच कामा नये. कौशल्यांमध्ये ठळक अक्षरांत ऑक्ट्रॉय म्हणजे जकात, आणि जुन्या केंद्रीय विक्रीकराचे सी फॉर्म, एफ फॉर्म. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच गेली. आज हे शब्द पहिल्या पानावर दिसले की वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस तिथेच थांबलाय.

आणि प्रत्येक नोकरीखाली त्याच सहा ओळी. डिस्पॅचची जबाबदारी, स्टॉकची जबाबदारी, टीमची जबाबदारी. चार कंपन्या, पण कुठे काय घडलं याचा पत्ता नाही.

मी पानं बाजूला ठेवली आणि विचारलं, "सर, जीएसटी आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

त्यांचा चेहराच बदलला. "३० जूनच्या रात्री आम्ही घरी गेलोच नाही, मॅडम. अख्खा स्टॉक मोजायचा होता. जुन्या कराचं क्रेडिट घ्यायचं तर त्या दिवसाचा शिल्लक माल पक्का हवा. मी रॅकनुसार माणसं लावली. प्रत्येक पेटी दोघांनी मोजायची आणि आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यानं. तिकडे गाड्यांचे ड्रायव्हर फोन करत होते, मुलुंडच्या नाक्यावर जकात भरायची की थांबायचं? मी म्हटलं, घाई नसलेला माल उद्या सोडा, औषधांचा आजच जाऊ द्या." पहाटेपर्यंत मोजणी जुळली. पुढे वापी आणि गोव्याची छोटी गोदामं बंद करून सगळा माल भिवंडीत आणण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं. पूर्वी परराज्यात माल विकला की सीएसटी, म्हणजे केंद्रीय विक्रीकर लागायचा, म्हणून कंपन्या राज्याराज्यात डेपो ठेवायच्या. जीएसटीनं ते कारणच संपलं. दोन डेपोंचं भाडं वाचलं, आणि माल हलत असताना एकही ऑर्डर अडकली नाही.

ऑपरेशन्स हेडना हाच माणूस हवा होता, आणि पाच पानांत यातलं अवाक्षर नव्हतं.

"हे का नाही लिहिलंत?"

"ते तर आपलं कामच होतं. स्वतःची टिमकी कशाला वाजवायची?"

अनुभवी उमेदवारांकडून, त्यातही मराठी उमेदवारांकडून, हे मी सतत ऐकते आणि दर वेळी जीव तुटतो. खोटा बडेजाव वेगळा आणि घडलेलं सांगणं वेगळं. किती गाड्या, किती चौरस फूट, किती माणसं, काय बंद केलं, काय वाचवलं, हे लिहिण्यात बढाई कसली? त्याशिवाय समोरच्याला कळणार तरी कसं?

एक गोष्ट त्यांनी अडखळत सांगितली. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली होती आणि काही महिने ते घरीच होते. कुणीतरी सल्ला दिला म्हणून आधीच्या नोकरीची तारीख पुढे ओढून ती फट बुजवली होती. हे मात्र मी लगेच थांबवलं. यूएएनच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या नंबरच्या, सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. पडताळणीत ती निघते आणि हातात आलेली ऑफरसुद्धा जाते. २०२० मधल्या खंडाबद्दल बहुतेक कंपन्या जास्त विचारतही नाहीत. मी सांगितलं, "खऱ्या तारखा लिहा. विचारलंच तर जे झालं ते एका वाक्यात सांगा."

मग ते बाजूच्या रिकाम्या टेबलावर बसले. शब्द त्यांचेच राहू दिले, मी फक्त प्रश्न विचारत गेले. ऑब्जेक्टिव्ह गेलं, शेवटचं प्रतिज्ञापत्र गेलं. वर नाव, नंबर, ईमेल आणि तीन ओळींत कामाचा सारांश. त्याखाली जीएसटीची मोजणी, डेपो एकत्र आणणं, मालवाहतुकीच्या ई-वे बिलाची बसवलेली पद्धत, सगळं आकड्यांसह. मशीद बंदरच्या गोदामात कारकून म्हणून केलेली पहिली नोकरी मी काढायला सांगितली, तर ते तयार होईनात. "माल हाताळायला तिथेच शिकलो." शेवटी जुन्या नोकऱ्या मिळून दोन ओळी ठेवल्या, आणि मला तेही पटलं. सगळं मिळून दोन पानं झाली.

सहाच्या सुमारास सीव्ही पाठवला. ऑपरेशन्स हेडचा फोन लगेच आला. त्यांनी ना वय विचारलं, ना दहावीचे टक्के. विचारलं ते एवढंच, "स्टॉक दोघांनी मोजायचा आणि जुळला नाही तर तिसऱ्यानं, ही पद्धत याच माणसाची का? उद्या अकराला भिवंडीत पाठवा." मी त्या गृहस्थांना तसं कळवलं तेव्हा ते घाटकोपरला लोकलची वाट बघत होते. त्यांनी पत्ता दोनदा विचारून घेतला.